काटा फुल्लवर

३ मार्च
गाडीचा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकलाय. टाकी भरा, नाहीतर रिकामी करा, हा आपला मध्यावर. बायको म्हणते गॅरेजला द्या. कशाला? बारा वर्षं चालवतोय, नाडी ओळखतो तिची. रविवारी तासाभराचं काम.

९ मार्च, दुपार
मागची सीट काढली. खाली टाकीचं तोंड. त्यावरची वायर सोडवून बॉडीला टेकवली, तर काटा झपकन फुल्लवर. म्हणजे मीटर ठणठणीत, दोष टाकीतल्या फ्लोटमध्ये. पेट्रोलवर तरंगतो तो. निदान पाच मिनिटांत. बायकोला समजावून सांगितलं. ‘बरं,’ म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये कौतुक होतं.

९ मार्च, संध्याकाळ
फ्लोटची दांडी वाकडी वाटली. सरळ केली. मग उलट्या बाजूला जरा वाकवली, अंदाजानेच. घरभर पेट्रोलचा वास. बायकोने गॅस पेटवायला साफ नकार दिला. रात्री केळी.

१० मार्च
काटा फुल्ल! शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. शेजारी म्हणाले, पेट्रोल कधी भरलं होतं? लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

१२ मार्च
उद्या लेकीचा इंटरव्ह्यू, शेजारच्या गावी. पहिलाच. मीच सोडणार. बायको म्हणाली, आधी पेट्रोल भरा. तिला काटा दाखवला. माणसाचा यंत्रावर विश्वास हवा.

१३ मार्च
गाडी अर्ध्या वाटेत बंद. प्लगचा दोष असणार. बॉनेट उघडून लेकीला प्लगविषयी सविस्तर सांगत होतो. तिने मागे जाऊन गाडी हलवली, टाकीपाशी कान लावला.
‘बाबा, आत काहीच वाजत नाहीये.’
तेवढ्यात अंड्यांची व्हॅन आली. चालवणाऱ्या बाई ओळखीच्या असल्यासारख्या थांबल्या. लेक फाइल छातीशी धरून ट्रेजवळ बसून गेली. मी कॅन घेऊन पंपाकडे चालत. उन्हात खूप विचार झाला.

१४ मार्च
नोकरी मिळाली! वेळेवर पोचली म्हणे. रस्ता मीच निवडला होता.
शोधही लागला. फ्लोट उलटा चालतोय. रिकामी टाकी फुल्ल दाखवतो, भरलेली रिकामी. म्हणजे काटा अचूकच आहे, फक्त उलटा वाचायचा.

१ एप्रिल
लेकीचा नोकरीचा पहिला दिवस. पहाटेच टाकी गच्च भरून आणली. काटा एकदम तळाला, पाहून समाधान वाटलं. गाडी दारात लावून हॉर्न दिला. लेक येऊन खिडकीशी वाकली. म्हणाली, ‘बाबा, त्या मावशी रोज त्याच रस्त्याने जातात. मी त्यांच्याबरोबर ठरवलंय.’
व्हॅन आली. बायकोलाही तिकडेच काम होतं म्हणे. दोघी चढल्या. मी हात हलवला.
मग काच पुसत बसलो.