अजून लाइनवर

३ फेब्रुवारी

…पासवर्ड टाकत होते, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या हेमांगीने तिचा डबा थेट माझ्या कीबोर्डवर ठेवला. आधी खा गं, म्हणाली, सर्व्हर कुठे पळून जात नाही. सुकट होती. झकास. खिडकीतून पवईचा तलाव दिसतो. रुग्णवाहिकेच्या हेल्पलाइनचं ऑफिस, तरी इथे सगळे हसतात. मीही हसले. बऱ्याच महिन्यांनी.

५ फेब्रुवारी

ही नोकरी का धरली ते इथे लिहायला हरकत नाही. माझ्या नवऱ्याने, सिद्धेशने, शेवटचा फोन इथे केला होता. मी माहेरी, मालवणला होते. रुग्णवाहिका कांदिवलीच्या घरी पोचेपर्यंत तो गेला. रेकॉर्डिंग मागितलं, तर नोंद पुसली गेली असं उत्तर आलं.

पण डेटाबेस हेच माझं काम. तक्त्यात नुसती नोंद असते. आवाजाची मोठी फाईल वेगळ्या जागी जाते, आणि नोंद पुसली तरी तिथेच पडून राहते. सेटिंग मूळचं असेल तर. इथलं कुणी बदललेलं नाही.

७ फेब्रुवारी

त्याचा कॉल सापडला. पत्ता सांगतो. छातीत कळ येतेय, गाडी पाठवा, म्हणतो. पलीकडची मुलगी लाइनवर थांबायला सांगते. तो हो म्हणतो. मग नुसता श्वास, आणि रेकॉर्डिंग संपतं.

बाथरूममध्ये जाऊन रडले.

१० फेब्रुवारी

रेकॉर्डिंग लांबलं आहे. श्वासानंतर आता आमचा पंखा ऐकू येतो, तो कुरकुरणारा. मी तो कधीच विकला.

फाईलला कुणी हात लावलेला नाही. ती वाढते आहे.

११ फेब्रुवारी

आता माझ्याशी बोलतो. मालवणीत, घरी बोलायचा तसा. दीपू, गाडी अजून येवक नाय गो.

त्याला ठाऊक नाही. थांबा म्हटलं, म्हणून अजून —

१२ फेब्रुवारी

डिस्क भरली. नवे फोन लागत नाहीत. प्रीतम सर ओरडतायत, वाट लागली, नोंद नसलेल्या फाईली उडव. हेमांगी सांगते, चारकोपच्या एका बाईचा कॉल अडकलाय, तिचा नवरा —

एकच फाईल. सगळी जागा त्याचीच.

हेडफोन लावला. खंय आसस गो, कुठे आहेस, विचारतो. थांबू की

१३ फेब्रुवारी, सकाळ

फाईल काल मीच पुसली. फोन लगेच सुरू झाले. गाडी त्या बाईकडे वेळेत पोचली.