ताईच्या गाडीचं इंजिन

पांढुर्णा,
२६ ऑगस्ट २०२५

चि. विनायक यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

गोटमारीची जत्रा आटोपली, रस्ते मोकळे झाले, म्हणून आता सांगते. आमची गाडी बसली. पोळ्याच्या आधी हे संत्र्याच्या बगीच्यातून परत येऊन राहिले होते, तर मागून निळा धूर निघाला आणि चढावर गाडीनं जीव सोडला. नागपूरच्या वर्कशॉपमधून एक मिस्त्री येऊन पाहून गेला. टर्बो गेला, त्याचं तेल इंजिनात शिरलं, इंजिन संपलं, आता नवंच टाका, असं तो म्हणाला. कपड्याला एकही डाग नसलेल्या मिस्त्रीवर माझा काही विश्वास बसला नाही बाप्पा.

उद्या गाडी ट्रकवर चढवून तुझ्या अंगणात पाठवते आहे. तू नाही म्हणशील हे मला ठाऊक आहे. तुझ्या शेजारच्या चिंधूचा ट्रॅक्टर तू बांधून दिलास आणि आठ दिवसांत तो वावरात जाम झाला, त्याला दोन वर्षं झाली. तुझे कान तेव्हा गेलेच होते, आतला ठोका तुला ऐकू आला नाही. त्या दिवसापासून तू पान्यांची पेटी बंद केलीस. बत्तीस वर्षं सरकारी वर्कशॉपात इंजिनं उघडणारा माणूस आता ओसरीवर बसून पेपरातल्या जाहिरातीसुद्धा वाचतो, असं तुझी बायको यमुनाच सांगत होती. अरे, साठीला माणूस असा बसला की उठत नाही. मला ते पाहवत नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर तू 'बरं' या एका शब्दापलीकडे काही पाठवत नाहीस, म्हणून शाई खर्च केली. यमुनेला आशीर्वाद. तिला म्हणावं, अंगणातली रांगोळी चार दिवस दाराच्या आत काढ.

तुझी, न ऐकणारी
ताई

सौंसर,
१ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
विनायकचा शिरसाष्टांग नमस्कार.

गाडी पोचली. न विचारता पाठवली, हे काही बरं नाही केलं. लहानपणापासून तुझी हेच रीत आहे.

मी हात लावणार नव्हतो. दोन दिवस ताडपत्री टाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी म्हणलं, पाहण्यात काय जाते. पाइप काढून टर्बोची दांडी बोटानं हलवून पाहिली, तं ती हलत्या दातावानी हलली. तुले समजावं म्हणून सांगतो. इंजिनातून जो धूर सायलेन्सरकडं जाते, त्याच्या जोरावर एक छोटीशी चक्री फिरते. त्याच दांडीवर दुसऱ्या टोकाले दुसरी चक्री असते, ते बाहेरची हवा इंजिनात कोंबते. मिनिटाले लाखभर फेरे. म्हणून तुमची गाडी चढावर अशी पळे. नागपूरवाला टर्बो गेला म्हणते ते खरं. इंजिन संपलं म्हणते ते खोटं. दोन पिस्टन खराब आहेत, बाकी सगळं बांधता येते.

पण ताई, खरं सांगतो, मले भेव वाटते. इंजिन बांधणं हाताचं काम आहे आन् हात माझे अजून चांगले आहेत. चालू झाल्यावर ते सरळ बोलते का वाकडं, हे कानाचं काम आहे. मी लांब पाना दातात धरतो आन् दुसरं टोक इंजिनाले लावतो, तं ठोका हाडातून समजते. शिट्टी, फुसफुस हे मात्र काहीच समजत नाही. नागपूरहून केतननं मोबाइलवर लिहून पाठवलं, की बाबा, आत्याच्या गाडीवर प्रयोग करू नका. पोरगं काही चुकीचं नाही म्हणून राहिलं.

म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. हे इंजिन बिघडलं तं मी यापुढं कोणाच्या गाडीले हात लावणार नाही. पेटी भंगारात देईन. मग तू म्हणू नको.

भाऊजीले नमस्कार. तब्येतीले जपजो.

तुझा
विनायक

पांढुर्णा,
८ सप्टेंबर

चि. विनायक यास, अनेक आशीर्वाद.

केतनला मी फोन करून सांगितलं की गाडी माझी, भाऊ माझा, तू तुझी नोकरी सांभाळ. तो हसला आणि म्हणाला, आत्या, पार्ट लागतील ते नागपूरहून मी पाठवतो. तेव्हा त्याचा राग गेला असं समज.

हे रोज विचारतात, विनायकनं काय केलं. मी म्हणते, ताडपत्री टाकली होती, ती काढली. त्यावरही ते समाधानी आहेत. यांना बगीच्यात जायला आता एक जुनी मोटारसायकल मिळाली आहे आणि ते स्वतःला विशीतले समजून राहिले. तेव्हा आमच्यासाठी घाई करू नकोस, पण यांच्या हाडांसाठी थोडी कर.

पेटी भंगारात देण्याची भाषा मी वाचली. उत्तर देत नाही.

ताई

सौंसर,
२५ सप्टेंबर

ती. सौ. ताईस, शिरसाष्टांग नमस्कार.

इंजिन बाहेर काढलं. शेडच्या आढ्याले चेन-कुप्पी टांगली, मी आन् चिंधू दोघांनी. त्यानं स्वतःहून हात दिला. ट्रॅक्टरचं नाव त्यानं काढलं नाही, मीही नाही.

ब्लॉक बोअरिंगले नागपूरले जाऊन आला. पिस्टन, रिंगा, बेअरिंगा नव्या. टर्बोची आतली दांडी-चक्री तयार येते, ते केतननं पाठवली. सगळे नट-बोल्ट मी तुमच्याच संत्र्याच्या पेट्यांमधी खाने करून ठेवले, वर खडूनं लिहून. पेट्या सोप्यात आहेत, म्हणून यमुनेनं माझ्यासोबत दोन दिवस अबोला धरला. मी म्हणलं, मले तसंही ऐकू येत नाही, तू कशाले त्रास घेतं. मग हसली.

ताई, परवा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, बसवला आन् हातानं फिरवला. असा गोल, मऊ फिरला की मी तीनदा फिरवून पाहिला. मग कोणी पाहत नाही पाहून चौथ्यांदा फिरवला. दोन वर्षांत मले असं बरं वाटलं नव्हतं. लिहायले लाज वाटते पण लिहितो.

दसऱ्याले चालू करीन. तू आन् भाऊजी सकाळीच येजा. पूजा तुझ्या हातानं. यमुना पुरणपोळ्या करून राहिली आहे, उशीर केला तं केतन ठेवणार नाही.

तुझा
विनायक

सौंसर,
५ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस, नमस्कार.

तुम्ही गेल्यावर मी गाडी मोहगावपर्यंत नेली. चढावर जोर नव्हता. घरी येऊन टर्बो उघडला. हवेच्या चक्रीची पाती टवके उडून वाकडी झाली होती. आत काहीतरी राहिलं असंन, वायसर नाहीतं धातूचा कीस. माझीच चूक आहे. मी बसवताना पाहिलं नाही.

इंजिनाले काही झालं नाही, ते मी तपासलं. पण टर्बो नवा लागंन. केतनले सांगून गाडी नागपूरले पाठवतो, तिथं ते बसवतीन. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, त्याप्रमाणं पेटीले कुलूप लावलं आहे. तू मनाले लावून घेऊ नको. तू संधी दिली, मले जमलं नाही.

भाऊजीची माफी मागतो.

विनायक

पांढुर्णा,
९ ऑक्टोबर

चि. विनायक,

आज आशीर्वाद लिहायलाही हात धजत नाही. चूक तुझी नाही. माझी आहे, आणि ती मला त्याच दिवशी माहीत होती.

यांना नवी चक्री दाखवायची म्हणून तू हवेचा पाइप काढून ठेवला होतास. तोंडावर फडकं होतं, ते तू हात पुसायला घेतलंस. तेवढ्यात यमुनेनं ताट आणलं. मी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि अक्षता टाकल्या. चार-पाच दाणे त्या उघड्या तोंडातून आत गेले. मी ते डोळ्यांनी पाहिलं, विनू. मला वाटलं, तांदळाचे दाणे ते, लोखंडाचं काय करणार. दसऱ्याच्या दिवशी सगळे उभे असताना पूजा थांबवावी असं मनात आलं नाही. मग तू पाइप बसवलास आणि चावी फिरवलीस.

पहिल्यांदा छान चालू झालं. तू जोर दिलास तशी आतून शिट्टी निघाली, कुकरच्या शिट्टीसारखी, आणि ती थांबेना. यांनी माझ्याकडे पाहिलं. केतननं यमुनेकडे पाहिलं. तू आमच्याकडे पाहत होतास, चेहरा असा फुललेला, की मी मान हलवून छान म्हटलं. यांनी तुझी पाठ थोपटली. एकानंही सांगितलं नाही.

तुझं पाच तारखेचं पत्र आलं तेव्हाच मी हे लिहायला हवं होतं. लिहायला बसले आणि उठले. पस्तीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि सख्ख्या भावाला माझ्या चुकीपायी पेटीला कुलूप लावू दिलं. मला माझी फार लाज वाटते. कुलूप काढ. एवढंच मागते.

ताई

सौंसर,
१३ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तांदूळ मले त्याच दिवशी सापडले होते. टर्बोच्या पुढच्या पाइपात तळाशी चुरा होता आन् त्याले कुंकवाचा रंग होता. इंजिनात कुंकू दुसरं कोण टाकते. तुले लागू नये म्हणून मी वायसर लिहिलं. आन् तसं पाहिलं तं तोंड झाकून ठेवणं मिस्त्रीचं काम असते, पूजा करणाराचं नाही. फडकं मी उचललं. तेव्हा तांदळाचं तू मनातून काढून टाक.

पण आता तू खरं लिहिलं, तं मीही लिहितो. मी कुलूप तांदळासाठी लावलं नाही.

मी चावी फिरवली तेव्हा मले तुमचे चेहरे दिसले. मले ऐकू येत नाही, दिसते चांगलं. भाऊजीनं तुझ्याकडं पाहिलं, केतननं त्याच्या आईकडं पाहिलं, मग तू मान हलवली आन् सगळ्यायनं मान हलवली. मले तेव्हाच समजलं की काहीतरी वाजून राहिलं आन् हे मले सांगणार नाहीत. तरी मी हसलो. मले वाटलं, इतके जण मिळून मले खुश ठेवून राहिले, तं खुश राहावं.

चिंधूचंही तेच झालं होतं. हे मी कोणाले सांगितलं नाही. ट्रॅक्टर जाम झाल्यावर महिन्याभरानं त्यानं कबूल केलं, की ठोका त्याले पहिल्या दिवसापासून ऐकू येत होता. म्हणे, काका एवढे मोठे मिस्त्री, त्यायले कसं म्हणावं, वाईट वाटंन. त्याच्या चांगुलपणानं त्याचा ट्रॅक्टर गेला.

ताई, कान गेल्याचं दुःख मी गिळलं आहे. पण आजूबाजूचे लोक ऐकून सांगत नाहीत तं मी इंजिन कसं बांधू? मले कोणी बहिरा म्हणलं तरी चालते. माझ्यावर दया करून खोटं बोललं तं मले लहान पोर झाल्यावानी वाटते.

गाडी अजून नागपूरले पाठवली नाही. केतन म्हणते दुसरी चक्री आणतो. मी त्याले हो म्हणलं नाही.

विनायक

पांढुर्णा,
१६ ऑक्टोबर

चि. विनायक यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मी त्याची पाठ थोपटायला नको होती.

केतनला हो म्हण, चक्री त्यानं आणून ठेवली आहे. धनत्रयोदशीच्या फराळाची गडबड आहे, तरी मी शनिवारी सकाळच्या बसनं येते. चालू करशील तेव्हा मी गाडीच्या तोंडाशी उभी राहीन. काही वाकडं ऐकू आलं तर हात वर करीन, आणि तू कितीही चिडलास तरी खाली घेणार नाही. दिवाळी असो, तू हसत असो, केतन डोळे वटारत असो. हे तुझ्या, यमुनेच्या, कोणाच्याही भिडेखातर बदलणार नाही.

ताई

सौंसर,
२७ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
विनायकचा शिरसाष्टांग नमस्कार.

भाऊबीजेले तुझ्या घरी गाडी घेऊन आलो तेव्हा पाव्हण्यांच्या गर्दीत काही बोलता आलं नाही. म्हणून लिहितो.

त्या शनिवारी तू पहिल्यांदा हात वर केला, तेव्हा मी गाडी बंद करून पाहिलं. पाइपाची पट्टी ढिली होती, आवळली. दुसऱ्यांदा हात वर केला तेव्हा मले राग आला. केतन खुणेनं ठीक आहे म्हणून राहिला होता, चिंधूही मान हलवत होता, आन् तू एकटी हात वर करून उभी. मी तुले हेडमास्तरीण म्हणलो, आणखीही काही म्हणलो असंन. तू हात खाली घेतला नाही. मी चिडून बोनेटमधी हात घातला तं गॅस्केटपाशी गरम धूर बोटाले लागला. बारीक फट होती. तशीच गेली असती तं महिन्याभरात पुन्हा उघडावं लागलं असतं. बोटाले फोड आला आहे, ते बरं होऊन राहिलं.

तिसऱ्यांदा चावी फिरवली. जोर दिला. तुझ्याकडं पाहिलं. तू हसली नाही, मान हलवली नाही, काही नाही. फक्त हात खाली ठेवून ऐकत उभी होतीस. मी पुरा जोर दिला, तरी हात खालीच.

मी गाडी बंद केली आन् हात धुवायले मोरीवर गेलो. यमुना मागं आली. तिनं साबण दिला आन् खुणेनं विचारलं, की आज पाना दातात धरून पाहिला नाही का. इतक्या वर्षांत तपासल्याशिवाय मी कधी हात धुतले नव्हते.

मी तिले म्हणलं, ताईनं ऐकलं आहे.

माया अशीच राहू दे, आन् हात असाच.

तुझा
विनायक