एकोणीस दिवसांचं पाणी

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझ्या प्रत्येक प्रश्नाला तू "हो, जेवलो" म्हणतोस, म्हणून पत्र.

नद्या तापत चालल्यात, त्यात मासे कसे तग धरतात, या अभ्यासाला कोणी अनुदान देईना, तेव्हा इंटरनेटवर लोकांपुढे पदर पसरला. दोनशे चौदा जणांनी वर्गणी दिली. श्रेय तुझ्या वहीचं. नदीकाठच्या पंपघरावर रोज सकाळी आठला पाण्याचं तापमान घेऊन तू बावीस वर्षं लिहिलंस. असे आकडे कुठल्या कचेरीकडे नाहीत. आवाहनाच्या माथ्यावर मी तुझा नऊ वर्षांपूर्वीचा उन्हाळा टाकला: एकोणीस दिवस पाणी एकोणचाळीस-चाळीस अंश, तरी मासे जिवंत.

पण इथे टाकीत त्याच नदीचे मासे छत्तीसलाच कलंडतात. लगेच गार पाण्यात घेतले, तरी तीन गेले. डायरीत लिहिलं, चूक माझ्या टाकीची असणार. दादाचा आकडा चुकत नाही. विसाव्या दिवशी तू एकदम चौतीस लिहिलंयस, मग दोन दिवस कोरे, पुढे एकोणतीस. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं का?

गुडघा शेकत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

९ मार्च

चि. मासोळीस,
अ. उ. आ.

गुडघा आहे तसाच आहे, माझ्यासारखा हट्टी.

धरणातून कोणी पाणी सोडलं नव्हतं. ते आकडे पाण्याचे नाहीत. तुझी वहिनी अंथरुणावर होती आणि मी रजेवर. वही उशाशी होती. आठ वाजले की हात आपसूक तिकडे जायचा. तिच्या काखेतून तापमापक काढायचो आणि आकडा लिहायचो, त्याच रकान्यात. दुसरा कागद शोधायला उठलो नाही. विसाव्या सकाळी चौतीस भरलं. दुपारी ती गेली.

वही देताना सांगायला हवं होतं. तारखा तुझ्या ध्यानात असतील असं धरून चाललो. तुला बोल लावत नाही. तेव्हा फोनवर मीच "जरा कणकण आहे" म्हणालो होतो.

आता तुझ्या कामाचं काय होईल? मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
दादा

१६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तारखा माझ्या ध्यानात नव्हत्या. मी पोचले तेव्हा अंथरूण उचललेलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी मी परतले. त्या एकोणीस आकड्यांचा आलेख वर्षभर माझ्या टेबलासमोर आहे. वहिनीच्या तापाला मी माशांचा चिवटपणा म्हणत होते. तू कणकण म्हणालास हे खरं, पण मलाही तेवढंच ऐकायचं होतं.

सगळ्या वर्गणीदारांना कळवलं: आकडे पाण्याचे नव्हते, ज्याला हवी त्याने वर्गणी परत घ्यावी. मग ते कशाचे होते, हे लिहिलं नाही. प्रामाणिकपणा अर्धाच झाला का, अजून ठरवता येत नाही. एकशे तीस जणांनी परत घेतली. महिनाअखेरीस टाक्या बंद. उरलेले मासे नदीत सोडायची परवानगी काढली आहे. मीच घेऊन येते. चार दिवस राहीन, चालेल का?

रागावला असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
धाकटी

२२ मार्च

चि. मासोळीस,
अ. उ. आ.

हे काय विचारणं झालं? खोली झाडून ठेवली आहे.

वही घेऊन ये. ते पान तुझ्या शास्त्राच्या उपयोगाचं राहिलं नाही, माझ्या आहे. फाडू मात्र नकोस, मागच्या पानावर खरं पाणी आहे.

आज पंपघरावर गेलो होतो. नवा पंपचालक म्हणाला, आजोबा, पायऱ्या निसरड्या आहेत, मी मोजतो. म्हटलं, तू चहा पी. बसत बसत उतरलो आणि हात बुडवून तापमापक धरलं.

सकाळी आठ, पाणी अठ्ठावीस. तुझ्या माशांना सोसेल. उन्हं वाढायच्या आत ये.

वाट बघणारा,
दादा