डब्याच्या तळाची मिल्डा

टोरांटो, २ ऑक्टोबर २०१३

चि. वेल्टा हिस अनेक आशीर्वाद,

इकडे सर्व ठीक. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांचं ऐकत नाही. माझ्या नातीचं, इंगाचं, लग्न फेब्रुवारीत ठरलं. मुलगा कॅनडाचाच, पण आपला काळा पाव मागून खातो, म्हणजे निभेल.

तिच्या शालीला आईची मिल्डा लावायची आहे. तेच चांदीचं पाच लाट्सचं नाणं, कणसं घेतलेल्या मुलीचं, मागे सोनाराने टाचणी बसवलेलं. नीट गुंडाळून पोस्टाने पाठव. जानेवारीपासून तुमच्याकडे युरो येणार म्हणे. वीस वर्षांतच आपल्या लाट्स चलनाचा कंटाळा आला का गं?

इमांट्सरावांना नमस्कार. लोभ आहे तो वाढता ठेव.

तुझी झिद्राताई

त्सेसिस, २५ ऑक्टोबर २०१३

ती. ताईस सा. न. वि. वि.,

पत्र आलं त्याच दिवशीचा पराक्रम ऐक. बँकेने सांगितलंय, सुटी नाणी आत्ताच खात्यात भरा, त्यांचे आपोआप युरो होतील. आमच्या ह्यांना कुठे धीर? स्वयंपाकघरातला चिल्लरीचा डबा उचलला आणि निघाले. रशियन अमलात आई मिल्डा त्याच डब्याच्या तळाशी चिंधीत लपवायची आणि मीही सवयीने तिथेच ठेवत आले. हे त्यांना पन्नास वर्षांत कधी सांगितलंच नव्हतं.

मी ॲप्रनवरच धावले. बँकेतल्या मुलीने मिल्डा आधीच बाजूला काढली होती. ह्यांना म्हणत होती की आजोबा, हे आमचं नाही, हे चलन युद्धातच बंद झालं, याचं काही मिळणार नाही. मला इतकं हसू आलं की तिने पाणी आणून दिलं.

विचार कर ताई. हे नाणं बंद करून रूबल आले, मग जर्मनांचे मार्क, पुन्हा रूबल, मग देश मोकळा झाल्यावर वर्षभर त्या तात्पुरत्या कागदी नोटा, मग नवे लाट्स, आता युरो. बाईसाहेबांनी तळाशी बसून सगळ्यांना निरोप दिला. अशी वस्तू मी पोस्टात टाकणार नाही. तू येऊन घेऊन जा.

युद्धात रशियन पुन्हा येऊ लागले आणि मावशीबरोबर देश सोडून बोटीत बसलीस तेव्हा तू नऊ वर्षांची. मला ताप, म्हणून आई माझ्यापाशी राहिली. देश मोकळा झाल्यापासून तू दरवर्षी 'पुढच्या उन्हाळ्यात' म्हणतेस. यंदा उन्हाळा नको, डिसेंबर संपायच्या आत ये. आपल्या देशाच्या पैशांनी तू आयुष्यात एक पाव विकत घेतलेला नाहीस. करकोचा असलेला एक लाट्स तुझ्यासाठी वेगळा काढलाय.

रागावलीस तरी चालेल, पण ये.

तुझी वेल्टा

टोरांटो, १४ नोव्हेंबर २०१३

चि. वेल्टास अ. आ.,

तिकीट काढलं. माझा मुलगा म्हणतो या वयात आणि ऐन थंडीत कशाला. त्याला म्हटलं, माझी धाकटी बहीण बोलावतेय, तिला नाही म्हणायची माझी छाती नाही. इंगा सोबत येतेय.

इतकी वर्षं टाळलं ते भीतीपोटी. आई नसलेलं आईचं घर बघवेल का, ही एक भीती. दुसरी जास्त मोठी. तू समोरून आलीस आणि मी तुला ओळखलंच नाही, तर? तुझ्या फोटोंत तू दरवेळी कुणाच्या तरी मागे उभी असतेस.

सत्तावीस डिसेंबरला दुपारी रीगाला उतरू. मिल्डा आता डब्यात ठेवू नकोस. आई लावायची तशी कोटावर डावीकडे लाव आणि सगळ्यांच्या पुढे उभी राहा. तुला नाही ओळखलं, तरी तिला ओळखीन.

तुझी ताई