घरमालकीणबाईंची कवळी

ताईस,

साष्टांग नमस्कार (एका हाताने गाल धरून घातलाय, गोड मानून घे). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? इथे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण खोटं लिहवत नाही, म्हणून तेवढं वाक्य गाळतो.

मावशीची जुनी कवळी सैल झाली म्हणून तू तिला नवी करायला माझ्याकडे धाडलंस, आणि मी हौसेने तिला तो जुना खुनाचा विनोदी सिनेमा दाखवला. तिथेच माझं नशीब फिरलं. त्यात एक म्हातारी पोलिसांच्या नाकावर टिच्चून खुनी पकडते. लोक पोट धरून हसत होते, मावशी मात्र परीक्षेला बसल्यासारखी बघत होती. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे माप द्यायला गेली ती पांढरीफटक होऊनच वर आली. आतल्या खोलीच्या फळीवर आमच्या घरमालकीणबाईंची कवळी होती! (पुढच्या दाताचा टवका उडालाय, त्यावरून ओळखली. जिन्यात भांडताना तो अगदी समोर येतो.) आणि बाई तर कित्येक दिवसांत कुणाला दिसल्या नव्हत्या. "बाई घर सोडेल, नवरा सोडेल," मावशी म्हणाली, "दात सोडून कशी जाईल?" ताई, मला हसू यायला हवं होतं. घाम फुटला.

सिनेमातली म्हातारी खुन्याच्या घरात स्वतः शिरते. मी तेवढं सुचवून पाहिलं. "तिला भाचा नव्हता," मावशी म्हणाली. मग मी त्या खुर्चीत, डॉक्टरचे केसाळ हात माझ्या तोंडात, आणि सोबत आलेली मावशी पडद्याआड. कुठली दाढ दुखते असं त्याने विचारलं. एकही दुखत नव्हती, म्हणून हाताला लागली ती दाखवली. ती त्याने उपटली तेव्हा मी जी किंकाळी फोडली ती ठरल्यापेक्षा बरीच मोठी होती (मावशीने नंतर शाबासकी दिली). तेवढ्यात पुरावा तिच्या बटव्यात गेला, आणि घरी मोरीतल्या फळीवर तिच्या स्वतःच्या कवळीशेजारी, तसल्याच पेल्यात पडला.

काल घरमालकीणबाई परत आल्या. जिवंत, पण बोळक्या. लेकीकडे गेले होते, कवळी दुरुस्तीला टाकली होती, म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडतोय तोच मावशीने पेला पुढे केला, "घालून दाखवा!" बाईंनी घातली. तोंडच मिटेना. मावशी विजयाने हसली आणि ताई, मी भिंतीला टेकलो. तिच्या हसण्यात तो टवका होता. बाईंचे दात तिच्या तोंडात, तिचे बाईंच्या! स्वतः मात्र म्हणते की सत्य जवळ आल्यापासून तिची कवळी घट्ट बसायला लागलीय.

आता तिचं ठाम मत असं की ही बाई तोतया आहे, डॉक्टर सामील आहे आणि खऱ्या बाई त्याच्या कुलूपबंद कपाटात आहेत. उद्या सकाळी पुन्हा मी खुर्चीत. या वेळी खालची दाढ, कारण ती निघायला वेळ लागतो आणि कपाट मोठं आहे. मला त्या डॉक्टरची भीती वाटते, कपाटाची त्याहून जास्त (खरंच कुणी असलं तर?), आणि सगळ्यात जास्त मावशीची.

तुझा भेदरलेला,
धाकटा

ता. क. खरं पत्र इथून पुढे आहे. तोंडात कुणाचे दात आहेत ते मावशीला तू सांग. माझी छाती होत नाही. तुझं ती ऐकते. ये आणि तिला घेऊन जा, मी पाया पडतो.

ता. क. (मावशीच्या हातचा) पाकीट चिकटवण्याआधी वाचलं. पोर घाबरून काहीबाही लिहितंय. दुसऱ्याचे दात इतके घट्ट बसतात होय? पण ये म्हणतोय ते बरोबर आहे. तुझ्या दाढा शाबूत असतील तर लगेच नीघ. याच्या फार दिवस पुरणार नाहीत.