सहा दगडांची भेग

सर, तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली. मी आता नेरच्या शाळेत तुमच्यासारखीच चित्रकला शिकवते. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय.

मिशनच्या आवारातलं ते जुनं दगडी चर्च तुम्ही दर ईस्टरनंतर एकाच जागेवरून जलरंगात रंगवायचात. मी पाणी बदलायचे. आवार झाडणाऱ्या मावशी आपल्याला प्यायला गार पाणी आणून द्यायच्या. दाराच्या कमानीतून वर गेलेली भेग तुम्ही दगड मोजून काढायचात. पहिल्या वर्षी दोन दगड, सहाव्या वर्षी सहा. चित्रं चर्चच्या कमिटीपुढे मांडून दुरुस्ती मागायचात.

सातव्या वर्षी काविळीनं तुम्हाला अंथरूण धरायला लावलं. "यंदा तू जाय," तुम्ही म्हणालात. "दिसते तशीच काढ. उगा सुंदर-साजरं करू नको."

मी हो म्हटलं आणि मैत्रिणींसोबत यवतमाळला सिनेमाला गेले. दुसऱ्या दिवशी घरी बसून तुमच्या मागच्या वर्षीच्या चित्रावरून उतरवून काढलं. आभाळाचा ओला रंग तर असा सुरेख पसरला की मलाच अभिमान वाटला. तुम्ही उशीला टेकून पाहत राहिलात. "हात बसला तुहा."

कमिटीचे सेक्रेटरी तुमच्या घरी आले. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मोजू लागले. "गुरुजी, मांगच्या सालीबी सहा, यंदाबी सहा. वाढली कुठी? पाहू पुढच्या साली." स्वतः जाऊन भिंत पाहावी असं त्यांनाही वाटलं नाही. मी चहाचे कप घेऊन तिथंच उभी होते.

श्रावणात कमान कोसळली. मावशी खाली झाडत होत्या. त्यांना बाहेर काढलं तेव्हा जीव उरला नव्हता. मी तुमच्या खाटेपाशी हमसून रडले, तर तुम्हीच माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "रडू नको. तू पाह्यलं तेवढंच काढलं ना?" महिन्याभरात तुम्हीही गेलात.

मावशींची मुलगी आता त्याच आवारात झाडते. गेल्या रविवारी मी सातही चित्रं घेऊन तिच्याकडे गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. तिनं ओले हात पदराला पुसले, एकेक चित्र पाहिलं आणि सातवं उचललं.

"बाई, हे सगळ्यात साजरं हाय. सरांनीच काढलं ना? मले द्याल?"

मी हो म्हटलं, सर. दोन्ही प्रश्नांना.