दादरचा बार आणि टोकावड्याचा मेहुणा

शुक्रवार, १२ जानेवारी २००१, शहापूर

शहापुरात बसलं की माझ्याआधी बातमी घरी पोचते, म्हणून मी बिअरसाठी दादर गाठतो. तिथं मला कुत्रं ओळखत नाही. नव्हतं, म्हणायचं. आज नवा वेटर आला आणि बघतच राहिला.

"भावोजी, तुमी?"

बायकोच्या माहेरचा, टोकावड्याचा सुरेश. लग्नात माझा कान यानंच पिळला होता, तोही जरा जास्तच जोरात.

मी बिअर सांगितली. यानं लिंबू सरबत आणलं. "गावच्या जावयाला मी दारू वाढू? ताई काय बोलेल?" शेजारच्या टेबलावर मात्र हाच बाटल्या उघडत होता. वर पैसे घेतले नाहीत, आणि ताईसाठी तळलेल्या बोंबलांचं पार्सल दिलं.

आता याचं काय करू? वाटेत टाकून द्यावं, तर बायकोच्या माहेरचं. घरी न्यावं, तर कुठून आणलं सांगू?

शेवटी खरं सांगितलं. ती रागावलीच नाही. सगळे बोंबील एकटीनं खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाली, "जात जा की दर शुक्रवारी. पन सुरेशकडेच, दुसरीकडे नाय."

तोच कान आज पुन्हा दुखतोय.